एका विहिरीवरचे दोन मिस्ड कॉल

जिभाऊ, तुमच्या टेबलावरचा फोन अजून वाजतो, आणि तो आता मला उचलावा लागतो. मला फोन किती नकोसा वाटतो ते तुम्हाला माहीत आहे. ओळखीच्या माणसाचा आला तरी मी तो वाजून बंद होऊ देते आणि मग मेसेज टाकते. त्यावरून तुम्ही मला कमी छळलं नाहीत. आता मी 'हॅलो' म्हणते, पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "जिभाऊ कोठे शेतस?"

पहिल्याला मी नुसतं 'ते नाहीत' म्हणाले. तो म्हणाला, "उनात का फोन कराले सांगजो, माय." 'आले की सांगते,' मी म्हणाले. काय करणार होते? तुम्ही गेलात हे अनोळखी माणसाला फोनवर सांगणं मला जमलं नाही.

मी हे रडत लिहीत नाहीये. मी चिडले आहे. पुण्यावर, नियमांवर, स्वतःवर, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त तुमच्यावर.

आपलं काम एकच होतं, दोघांत वाटलेलं. आपली कंपनी विहिरीवरच्या मोटारीला लावायचा मोबाइल स्टार्टर बनवते. आत सिम असलेली एक डबी. शेतकऱ्याने घरून तिला फोन लावायचा, रिंग वाजून कट झाली की मोटार सुरू. पुन्हा लावला की बंद. काही बिनसलं की लोक नंदुरबारच्या ऑफिसला फोन करायचे. तुम्ही ऐकायचात आणि बियाण्यांच्या दुकानातून मिळालेल्या जाड वहीत लिहायचात. मी ते तुमच्या वहीतून उचलून इंग्रजीत करायचे, त्याला प्रकार लावायचे आणि पुण्याच्या डेव्हलपर लोकांकडे पाठवायचे. प्रकार मुख्यतः दोन. जसं बनवलं तसं चालत नसेल तर बिघाड. बनवलेलंच नाही ते कुणी मागत असेल तर मागणी. बिघाड दुरुस्त होतो. मागणी एका लांबच लांब यादीत जाते, आणि ती यादी कुणी उघडत नाही. हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. म्हणून तर रोजचं भांडण.

तुम्ही मोटारी रिवाइंड करण्यात अर्धं आयुष्य घालवून या नोकरीत आलात, मी इंग्लिश मीडियममधून. पहिल्या आठवड्यात मी तुमच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन. तुम्ही काही न विचारता माझी खुर्ची दारासमोरून उचलून खिडकीकडे ठेवलीत, येणारा-जाणारा माझ्याकडे बघणार नाही अशी. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत.

तुम्ही फोनवर म्हणायचात, "फोन मोटारले लाव. बोलू नको, लाव." मग डोळे मिटून तिकडचा आवाज ऐकायचात. ऑफिसात सगळ्यांनी गप्प बसायचं. "बेअरिंग गई," तुम्ही सांगायचात, आणि पलीकडे तो माणूस थक्क. मी मात्र लिहायचे, 'मोटारीतून आवाज येतो असं ग्राहकाचं म्हणणं.' तुम्ही माझ्या स्क्रीनकडे बघून विचारायचात, "म्हननं कसाले? मी ऐकं ना." मी सांगायचे, तुमचं ऐकणं लिहायला इथे रकाना नाही.

नवापूरकडच्या एका पोल्ट्रीवाल्याची तक्रार आठवते? मोटार बंद पडली की मेसेज मला नको, बायकोला जाऊ द्या, मी फोन बघत नाही. मी विचारलं, बिघाड की मागणी? तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "हाऊ बिघाडच शे. पन मोटारना नही." मी इतकी हसले की पाणी सांडलं. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "मॅडम हसनी! लिखी ठेवा कोन्ही तरी." माझ्याशी बोलताना खूश असलात की मी 'माय', चिडलात की 'मॅडम'. आणि दर दोन दिवसांनी, "तुले अहिरानी समजस, मंग बोलाले काय व्हस?" समजते, जिभाऊ. आमच्या गावी, कळसाडीला, घरात गडीमाणसांशी सगळे तीच बोलतात. पण शाळेत ती बोललं की टीचर उभं करायच्या. मला ती ऐकू येते, तोंडातून येत नाही. हे मी तुम्हाला सांगू शकले असते. 'बघू' म्हणून विषय बदलायचे.

तुमची व्याख्या साधी होती. "मानूसनं काम अडनं ना, तो बिघाड." मी म्हणायचे, मग जगात सगळाच बिघाड आहे. तुम्ही म्हणायचात, "शेच."

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं होतं. प्रकार लावला की तक्रारदाराला आपोआप मेसेज जातो. ते मेसेज मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. बिघाडासाठी मी लिहिलं, 'आपल्या यंत्रात बिघाड आढळला आहे. दुरुस्ती होईपर्यंत क्षमस्व.' तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, मध्ये एक वाक्य टाक. 'ही चूक आपली नाही.' मी विचारलं, त्याची काय गरज? तुम्ही म्हणालात, लोकांना वाटतं आपल्याच हाताने काही बिघडलं, घरातले त्यांना बोलतात. मी टाकलं. मागणीसाठी मात्र मी एकटीनेच लिहिलं होतं: 'आपली सूचना नोंदवली आहे. आपल्या यंत्रात कोणताही बिघाड आढळला नाही. भविष्यात विचार केला जाईल.' मला ते सभ्य वाटलं होतं.

मग ती तक्रार. आत्माराम, गाव कोरीट. लाइट आली की मोटार सुरू होते आणि मिनिटभरात बंद. परत सुरू करावी तर परत बंद. तुम्ही स्वतःच कारणही लिहून आणलं होतंत. विहीर दोन भावांची, मोटार एक, हौद एक. हौदातून ज्याने त्याने आपलं पाणी घ्यायचं. डबीत दोघांचे नंबर. लाइट आली की एक भाऊ फोन लावतो, मोटार सुरू. दुसऱ्याला ते माहीत नाही, तोही लावतो, मोटार बंद. सुरू करायला गेलेला माणूस बंद करून बसतो. आणि मोटार चालू की बंद याचा मेसेज ज्याने फोन लावला त्यालाच जातो, तोही इंग्रजीत.

"मग त्यांनी एकमेकांना विचारावं ना," मी म्हणाले.

"बोलतस नही त्या."

"मग ती आपली चूक आहे का?"

तुम्ही वही मिटलीत. मला वाटलं, हरलात.

त्याच दिवशी, सोमवारच्या कॉलवर पुण्याचा अनिकेत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "नंदुरबारहून सगळंच बिघाड म्हणून येतं. तिथे कुणी प्रकार वाचतं का?" माझा कॅमेरा नेहमीसारखा बंद होता. बरं झालं. तुम्ही शेजारी बसून चिठ्ठी सरकवली होतीत, 'सांग त्याले'. मी ती घडी घालून पेनाच्या डबीत टाकली. काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी कडक झाले. पहिला फोन सुरू करतो, दुसरा बंद करतो. यंत्र जसं बनवलं तसंच चालतंय. मागणी. मी तसा प्रकार लावला आणि बटण दाबलं.

मंगळवारी तुम्ही पुन्हा आलात. या वेळी वही न घेता. "माय, तेवढी कोरीटवाली बिघाडमा टाकी दे."

"नियमात बसत नाही, जिभाऊ."

"एकच टाक. मी परत सांगाव नही."

"एक टाकली की सगळ्या टाकाव्या लागतील."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी स्क्रीनकडे. माझं माणसांचं बारीक निरीक्षण असतं असा माझा समज आहे. कोण कधी चहा टाळतं, कुणाचा आवाज कधी बसतो, हे मी न बोलता टिपत असते. तुम्ही त्या दिवशी चहा घेतला नव्हता, हे मी टिपलं होतं. का, हे विचारलं नाही.

"तुमनं चालू द्या, मॅडम," तुम्ही म्हणालात. आणि बुधवारी आला नाहीत. तुमच्याऐवजी तुम्ही गेल्याची बातमी आली.

पाचव्या दिवशी मी तुमच्या दारवर आले, घरच्यांना भेटायला. नंदुरबारहून रिक्षाने कोरीटला, एकटी; तुमचं गाव कोणतं हेही मला पत्ता विचारून कळलं होतं. रस्ताभर मी पाठ करत होते की आत गेल्यावर काय बोलायचं. बाहेर कडुनिंबाखाली सतरंजीवर माणसं बसली होती. मी मान खाली घालून आत गेले. तुमच्या पत्नीने, काकूंनी, मला पाहिलं आणि विचारलं, "तूच का ती, कॅमेरा बंद करी बसस ती?" बायकांत कुणीतरी हसलं, रडता रडता. काकूंनी माझा हात धरला आणि सोडला नाही. तुम्ही घरी माझ्याबद्दल बोलत होतात, आणि मला तुमच्या घरात कोण कोण आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

निघताना सतरंजीवरच्या एका माणसाने हाक मारली. तुमच्यासारखंच कपाळ, तुमच्यासारखाच टोपी मागे सरकवायचा चाळा. "जिभाऊना हापिसमधली ना तू? बस." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बराच वेळ शोधला आणि माझ्यासमोर धरला. "हाई वाच बरं. मी दोन दाव वाचं. आते तू वाच."

माझंच वाक्य होतं. आपल्या यंत्रात कोणताही बिघाड आढळला नाही.

आत्माराम, गाव कोरीट. तुमचे आप्पा. सख्खा धाकटा भाऊ.

"बिघाड नही ना?" ते म्हणाले. "मंग मोटार कोन बंद करे? आमनं बोलनं बंद, पन मोटारवरथून भांडन चाले; जिभाऊ म्हने, कोन्ही नही बंद करत, यंत्रना दोष शे. मी म्हनं, तू त्याच कंपनीमा, तू यंत्र आनं, तू काय सांगशी! कंपनीले लिखी दे. कंपनीनी सांगं तर मानसू. त्याने लिखी दिनं. मंग हाई उनं." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मी घर जाईसन त्याले दखाडं. म्हनं, दख, कंपनी सांगस बिघाड नही. मंग तूच बंद करस. काहीच नही बोलना. उठी गया."

तो सोमवार होता. मंगळवारी तुम्ही वही न घेता माझ्याकडे आलात.

मला तिथेच सांगायला हवं होतं की हे वाक्य माझं आहे आणि ते चुकीचं आहे. सतरंजीवर आठ-दहा माणसं होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मी मोबाइल परत दिला, नमस्कार केला आणि रिक्षात येऊन बसले.

तुम्ही का नाही सांगितलंत? एवढंच विचारायचं आहे. 'माझा भाऊ आहे' एवढे तीन शब्द. मी लगेच बदललं असतं. की तुम्हाला तेच नको होतं? तुमचा भाऊ म्हणून नको, कुणाही दोन भावांसाठी तो बिघाडच आहे म्हणून हवं होतं? मी गेले कित्येक दिवस तुमच्या वतीने तुमची उत्तरं तयार करते आहे. प्रत्येक वेळी मीच हरते, आणि मग परत चिडते. माणसाने इतकं ताठ असू नये. तुम्ही फोनवर दिवसभर परक्यांच्या मोटारी ऐकायचात, आणि स्वतःचं दुखणं त्या दोन प्रकारांपैकी एकातही लिहिलं नाहीत.

ऑफिसात येऊन मी तुमच्या डबीच्या नोंदी काढल्या. त्या मला आधीही काढता आल्या असत्या, दोन मिनिटांचं काम. सकाळी आठ वाजून दोन मिनिटं, तुमचा नंबर, सुरू. आठ वाजून तीन मिनिटं, आप्पांचा नंबर, बंद. मग थोड्या वेळाने आप्पांचा, सुरू. लगेच तुमचा, बंद. खाली खाली सरकवत गेले, महिनोन् महिने तेच. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतात, पण रोज सकाळी लाइट आली की मिनिटभराच्या आत एकाच नंबरला फोन लावत होतात. काकूंनी सांगितलं, आधी लाइट आली की तुम्ही भिंतीवरून ओरडायचात, "आप्पा, उनी रे!" आणि जो मोकळा असेल तो विहिरीवर जायचा. यंत्र आलं तसं ओरडायचं कारण उरलं नाही.

पुढच्या रविवारी मी घरी पप्पांना विचारलं, आपल्या विहिरीत किती जणांचे वाटे आहेत? ते म्हणाले, "तीन. का गं?" मला माहीत नव्हतं. आमच्याच विहिरीचं. मी शाळेच्या बसमधून तिच्यावरून रोज जात होते.

आज सोमवार. कॉलच्या आधी मी कोरीटची तक्रार उघडली, मागणी काढून बिघाड केलं आणि बटण दाबलं. नंतर कॉलवर अनिकेतने नेमकी तीच काढली. त्याचंही चुकलं नाही. त्याने माझ्यापेक्षा जास्त कष्ट घेतले, ताज्या नोंदी तपासल्या. म्हणाला, "कोरीटची ही केस मी बघितली. गेले काही दिवस असं होतच नाहीये. रोज एकाच नंबरवरून कॉल येतो, मोटार व्यवस्थित चालते. आपोआप सुटलेली दिसते. बंद करून टाकू?"

मी माइक सुरू केला.

"त्या विहिरीवरचा दुसरा माणूस वारला," मी म्हणाले. "म्हणून होत नाहीये."

कुणाच्या तरी मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"सॉरी," अनिकेत म्हणाला. मग, "पण म्हणजे हे तसं रेअर आहे ना? एका विहिरीचे दोन मालक?"

"आमच्या विहिरीचे तीन आहेत. इथे तुम्हाला एकाच मालकाची विहीर शोधावी लागेल. जिभाऊंच्या वहीत अशा तक्रारी पानापानावर आहेत आणि त्या मी मागणीत टाकल्यात. मी सगळ्या परत काढणार आहे."

"सगळ्या?"

"सगळ्या."

'बघूया', तो म्हणाला. आता 'बघूया' म्हणजे काय ते मला कळत नाही असं नाही. सुरू करायचा नंबर वेगळा आणि बंद करायचा वेगळा, एवढीच तर दुरुस्ती; पण ती होईल तेव्हा होईल. कदाचित पुढच्या पिकाला, कदाचित नाहीच. तोवर लाइट आली की कुठल्या तरी गावात दोन घरांतून फोन लागत राहतील आणि दोन माणसं एकमेकांकडे संशयाने बघत राहतील. मी वही उघडून पहिल्या पानापासून सुरुवात केली आहे. तुमचं अक्षर इतकं वाईट आहे की प्रत्येक ओळीला तुम्हाला विचारावंसं वाटतं, आणि प्रत्येक ओळीला नव्याने राग येतो.

दुपारी तुमचा फोन वाजला. मी उचलला.

"आत्माराम बोलस, कोरीटथून," ते म्हणाले. "मेसेज उना तुमना."

ते सावकाश, एकेक शब्द वाचत गेले. आपल्या यंत्रात बिघाड आढळला आहे. ही चूक आपली नाही. तिथे थांबले. पुढचं वाचलंच नाही. लांब कुठेतरी मोटार चालल्याचा आवाज येत होता, अगदी सरळ, न अडखळता. तुम्ही असतात तर डोळे मिटून सांगितलं असतंत, बेअरिंग ठीक आहे.

"आते हाई कोनले दखाडू?" आप्पांनी विचारलं.

"माले दखाडा, आप्पा," मी म्हणाले. "सकाळे येस मी. लाइट येवाना पहिले."